सनपॅक, एसीपी की फायबर? मायलेजचा घरगुती जुगाड गाडीला शोभेल असा कशाचा करावा

चाकांवर सपाट झाकणं लावली आणि पुढच्या जाळीचा काही भाग बंद केला की हवेचा विरोध कमी होऊन मायलेज खरंच वाढतं का, या वादात मी पडत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो हे शाळेत शिकलोय, आणि महाराष्ट्रात पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली ती परत खाली आलेली नाही, एवढं मला पुरेसं आहे. हे दोन उद्योग करायचं तुमचं ठरलंच असेल तर पुढचा प्रश्न येतो तो बायकोचा. "हे असं लावून माझ्या माहेरी यायचं?"

तर प्रश्न दिसण्याचा आहे. मी माझ्या १३ इंची रिमच्या जुन्या वॅगनारवर तिन्ही प्रकार करून बघितलेत, सनपॅक (तीच ती पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट, जिच्यावर निवडणुकीचे आणि वाढदिवसाचे बोर्ड चिकटवतात), एसीपी म्हणजे दुकानांच्या पाट्यांना असते ती दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लास्टिक अशी शीट, आणि तिसरं फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या मॅटवर रेझिन हा चिकट द्रव ओतून कडक केलेलं. मी काही फॅब्रिकेटर नाही, रविवारी पार्किंगमध्ये बसून करणारा माणूस आहे, त्यामुळे तुमचा अनुभव वेगळा असू शकतो हे आधीच मान्य.

सुरुवात सगळे सनपॅकनेच करतात, मीही केली. स्वस्त, वजनाला काहीच नाही, घरच्या कटरने कापली जाते, आणि चुकलं तर दुसरी कापा. माझी पहिली झाकणं तर फुकटच झाली कारण चौकात पडलेला एक जुना बोर्ड उचलून आणला होता. छपाईवरूनच सिल्व्हर स्प्रे मारला, लांबून बरी दिसत होती. पण या प्लास्टिकवर साधा रंग धरत नाही हे मला माहीत नव्हतं, आणि पहिल्याच पावसात सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाका विचारतात, "साहेब, कुणाचा वाढदिवस?" रंग सोलून निघाला होता, खालचं छपाईचं अक्षर वर आलं होतं आणि डाव्या मागच्या चाकावर 'हार्दि' एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

हा दोष मी सनपॅकच्या खात्यावर टाकत नाही, माझ्याच टाकतो. प्लास्टिकचा प्रायमर मारला असता तर रंग टिकला असता, किंवा सरळ काळी शीट मिळते ती घ्यायची, रंगाचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या वेळी मी काळीच घेतली. आणि तिथे खरी कटकट सुरू झाली, जिच्यामुळे माझा निर्णय झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कटकट कडेची आहे. सनपॅक कापली की कडेला नळ्यांची तोंडं उघडी पडतात. गोल कापलंत तर काही ठिकाणी भोकं दिसतात, काही ठिकाणी नळी आडवी कापली जाऊन लांब चर दिसतो, म्हणजे एकाच गोलाची कड घड्याळात बारा वाजता वेगळी आणि तीन वाजता वेगळी. पुढचा भाग कितीही गुळगुळीत असू दे, बघणाऱ्याची नजर कडेवर जाते आणि कड सांगते की हे घरी केलंय. त्यात पावसाळ्यात नळ्यांत लाल चिखल भरतो, तो वाळला की बाहेर निघत नाही, मी उदबत्तीची काडी घालून एक एक नळी साफ केलेली आहे, एका चाकाला अर्धा तास. कडेला टेप लावली तर उन्हाने तिचा गोंद सुटतो आणि त्या चिकट पट्टीवर धूळ बसून काळी किनार तयार होते, ती आणखी वाईट.

मग म्हटलं रबरी यू बीडिंग लावू, दरवाज्याच्या कडेला लावतात ती, ॲक्सेसरीजच्या दुकानात मीटरवर मिळते. लावली. पण शीट आहे मऊ आणि बीडिंगची पकड घट्ट, त्यामुळे जिथे नळ्या कडेला समांतर आहेत तिथे शीट चेपली जाते आणि जिथे उभ्या आहेत तिथे चेपत नाही. झाकण गोल कापलेलं असून लाटा आल्यासारखं दिसायला लागलं. गाडी उभी असताना ठीक, पण हळू चालताना चाक वाकडं फिरतंय असं वाटायचं. दोन जणांनी सिग्नलला काच खाली करून सांगितलं, "दादा, मागचं चाक डगमगतंय." तिसऱ्याने सांगितल्यावर मी घरी येऊन चारही काढून टाकली.

आता एसीपी. पाट्या बनवणाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, मला चार झाकणांना पुरेल एवढा ३ मिलीमीटरचा तुकडा चारशे रुपयांत मिळाला, आणि त्यानेच त्याच्या जिगसॉवर गोल कापून दिले, त्याचे त्याने वेगळे शंभर घेतले. कड एकसारखी येते. पत्रा, काळं प्लास्टिक, पत्रा अशी बारीक सँडविचची रेघ दिसते खरी, पण ती सगळीकडे सारखीच दिसते, आणि तीच यू बीडिंग यावर अशी बसते की कंपनीतून आल्यासारखी. मला वाटतं फरक एवढाच आहे, बाकी सगळं गौण आहे. होंडाच्या इनसाइट या हायब्रिड गाडीचं १९९९ मधलं पहिलं मॉडेल किंवा जनरल मोटर्सची विजेवरची ईव्ही १, दोघींची मागची चाकं वरून झाकलेली होती, आणि तरी त्यांना कोणी जुगाड म्हणत नाही कारण झाकणाची कड बॉडीच्या रेषेला बरोबर जुळलेली आहे.

एसीपी वाकवायची असेल तर मागच्या बाजूने व्ही आकाराची खाच मारायची, पुढचा पत्रा शाबूत ठेवायचा आणि दुमडायचं, धारदार सरळ घडी येते. खालच्या बंपरच्या पट्टीला हे फार उपयोगी पडलं. पण एकाच दिशेला वाकते हे लक्षात ठेवा. बंपरच्या कोपऱ्यासारखा दोन्हीकडून गोलावा हवा असेल तर एसीपी हात टेकते.

तोटे आहेत. कापलेली कड बोट कापते, माझा अंगठा आठवडाभर पट्टीत होता, म्हणून बीडिंगशिवाय रस्त्यावर नेऊच नका, कुणाच्या पायाला लागलं तर महागात पडेल. फुटपाथला घासलं की सनपॅक परत सरळ होते, एसीपी वाकते ती वाकतेच, माझ्या डाव्या पुढच्या झाकणाला तशी एक खूण आहे. आणि वजन, किचनच्या काट्यावर एक झाकण साधारण पावणेचारशे ग्रॅम भरलं, सनपॅकचं साठ-सत्तर. वजन आहे म्हणजे मध्य बरोबर साधावा लागतो, नाहीतर सत्तरला स्टिअरिंग थरथरतं. मी जुने प्लास्टिकचे व्हील कॅप घेऊन त्यांच्या मागच्या क्लिपांच्या रिंगवर झाकण बोल्ट, वॉशर आणि नायलॉक (सहज सैल न होणाऱ्या) नटने बसवलं, वर एकेक केबल टाय. चिकटवलेलं झाकण हायवेला सुटलं तर मागच्या बाईकवाल्याचं काय होईल याचा विचार करून नुसत्या डबल टेपवर मी विश्वास ठेवला नाही.

फायबरबद्दल मी जपून बोलतो कारण ज्यांना येतं त्यांचं काम बघून मान खाली घालावी लागते. बंपर बनवणारा कारागीर गाठलात आणि त्याने मन लावून केलं तर याच्यासारखं दिसणारं दुसरं काही नाही, हवा तो गोलावा, बॉडीच्या रंगात रंगवलेलं, विचारणाराही विचारणार नाही. पण घरी? मी थर्माकोलचा साचा कोरला, दोन रविवार कोरला, त्यावर मॅट अंथरून रेझिन ओतलं आणि डोळ्यांदेखत साचा विरघळून खड्डा पडला. पॉलिस्टर रेझिन थर्माकोल खातं हे नंतर कळलं, त्याला इपॉक्सी लागतं किंवा साच्यावर आधी पॅकिंगची टेप मारून घ्यावी लागते. दुसऱ्यांदा जमलं, पण पावसाळी हवेत ते दोन दिवस चिकटच राहिलं, मग लांबी (पुट्टी) भरा, १२० चा पॉलिश पेपर, ४००, ८००, मग पाणी लावून १५००, आणि या सगळ्यात हातांना जी खाज सुटते ती आंघोळीनेही जात नाही. मटेरियललाच बावीसशे गेले, रंग वेगळा. पूर्ण बाहीचा शर्ट आणि मास्क घाला आणि घरात करू नका, वासाने शेजारच्या काकू जिना उतरून आल्या होत्या. ज्यांच्याकडे चिकाटी आहे आणि गच्ची आहे त्यांनी जरूर करावं. माझ्याकडे दोन्ही नाही.

दिसण्याच्या दोन गोष्टी ज्या मला चुकून कळल्या. चाकाला चकचकीत सिल्व्हर अजिबात घेऊ नका, मी घेतलं आणि सोसायटीतल्या पोरांनी गाडीचं नाव 'ताटवाली' ठेवलं. मॅट ग्रे घ्या. तरीही मोठा सपाट गोल परातीसारखाच दिसतो, म्हणून रेडियमवाल्याकडून काळ्या मॅट व्हिनाइलच्या दोन बारीक रिंगा कापून घेतल्या, एक कडेपासून तीन बोटं आत, एक मध्याजवळ. चाळीस रुपयांचं काम, पण नजर अडकते आणि परात नाहीशी होते. एसीपीवर व्हिनाइल सपाट बसतं, सनपॅकवर तिरप्या उन्हात आतल्या नळ्यांच्या रेघा वर उमटतात. दुसरं म्हणजे हवा भरायच्या व्हॉल्वसमोर भोक आणि त्याच्या कडेला रबरी रिंग (ग्रोमेट) आधीच करून ठेवा, नाहीतर पेट्रोल पंपावरचा हवेवाला पोरगा म्हणतो, "काका, आधी हे झाकण काढा, मागे लाइन लागलीय." आणि कडेला सगळीकडे बोटभर फट ठेवा, घाट उतरताना ब्रेकला हवा लागते.

जाळीचं मात्र उलटं आहे, तिथे मी सनपॅकच वापरतो. जाळीच्या पुढून काहीही लावलं तरी ते लावलेलं दिसतं, म्हणून काळी सनपॅक मागून, पट्ट्यांच्या आड, टायने बांधायची, कड कुणाला दिसतच नाही आणि आतल्या वाकड्यातिकड्या जागेत ती सहज मावते. फक्त एक्झॉस्टजवळ नको, वितळेल. आणि सगळी जाळी बंद करू नका. मी मे महिन्यात केली होती, एसी लावून खंबाटकी घाट चढताना ओबीडीच्या डोंगलवर (इंजिनाचे आकडे दाखवणारं छोटं यंत्र) कूलंटचं तापमान ९४ वरून १०६ ला गेलं, तिथेच बाजूला थांबून कटरने निम्मी फाडली, तेव्हापासून फक्त खालची निम्मी आणि तीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते नीट बजावलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. चाकावरचं झाकण व्हील कॅपच्या जागी व्हील कॅपसारखंच बसतं म्हणून मला आजवर त्रास झाला नाही, एकदा ट्रॅफिकच्या मामांनी थांबवलं, वाकून बघितलं, बोटाने टकटक केलं आणि "कितीला मिळालं?" विचारलं. पण बॉडीच्या बाहेर येणारं, दिवे किंवा नंबर प्लेट झाकणारं काही करू नका, हवा कापायला गाडीच्या मागे निमुळती शेपटी वगैरे तर नकोच.

फायदा म्हणाल तर पुणे-कोल्हापूर, फुल टँक ते फुल टँक, पंचाहत्तर-ऐंशीने गेलो की आधी साडेअठराच्या आसपास मिळायचं, आता साडेएकोणीसला टेकतं. यात माझ्या पायाचा वाटा किती आणि झाकणांचा किती हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, झाकणं लावल्यापासून मी गाडीच हळू चालवतो असं हिचं म्हणणं आहे.

तर एकदाच करून बघायचंय, जमतंय का याचा अंदाज घ्यायचाय, तर सनपॅक घ्या, काळी घ्या. सासरी नेण्याइतपत हवं असेल तर मी आपला एसीपीच सांगेन. माझ्या झाकणांना दोन पावसाळे झाले, पत्रा कुठे सुटलेला नाही, उजव्या मागच्या झाकणाची बीडिंग तेवढी जोडावर वर आलीय, ती या रविवारी बदलायचीय.