मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, काही महिन्यांच्या वापरानंतर: आधी ती ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघडा

डिफेंडर म्हणजे विंडोजमध्येच येणारा मायक्रोसॉफ्टचा फुकट अँटिव्हायरस, यापेक्षा जास्त ओळख करून देत बसत नाही. गेले काही महिने माझ्या लॅपटॉपवर तो एकटाच आहे. मी इंदुरात, लोकमान्य नगरला, घरूनच जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो. लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, फॉर्म 16, सगळं याच मशीनवर. त्यामुळे त्यात बॅकडोअर ट्रोजन, म्हणजे मशीनला चोरदरवाजा पाडणारा छुपा प्रोग्राम, सापडला तेव्हा माझी झोप उडाली.

लॅपटॉप जेल रोडवरच्या एका दुकानातून घेतलेला, रिफर्बिश्ड. विंडोज दुकानदारानंच टाकून दिलं, वर एक पेड अँटिव्हायरस ‘सालभर फ्री’. वर्ष सरलं आणि रिन्यूअलचे पॉप-अप सुरू झाले. ऐन रिटर्नच्या गर्दीत, पोर्टलवर ओटीपी टाकायच्या वेळी, स्क्रीनचा कोपरा लाल. हजार रुपये जड नव्हते, पण वर्षभर यानं काय केलं याचा हिशेब कुठे दिसेना. काढून टाकला. तो गेला की डिफेंडर आपोआप चालू होतो, तसा झाला. हिरवी खूण आली, मशीनही हलकं वाटायला लागलं.

मग एका रात्री जीमेलनं कळवलं की भलत्याच ठिकाणाहून लॉग-इन झालंय. लॅपटॉपवर काहीच उघडं नसताना टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा आकडा हलत होता. क्विक स्कॅन केला, काही नाही. फुल स्कॅन रात्रभर लावला, काही नाही. अँटिव्हायरसवाल्यांच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर ‘आधी रिन्यू करा, मग बघतो’. दुकानदार म्हणाला, “भिया, फॉर्मेट मारना पड़ेगा, डेटा का अलग लगेगा.” काय झालंय हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

बॅकडोअर हा साध्या व्हायरसासारखा स्वतःच्या प्रती काढत फिरत नाही. तो आपल्या मशीनचा ताबा बाहेरच्या माणसाला देतो: फायली, कीबोर्डवर टाइप केलेलं, कॅमेरा, ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड. 1998 साली बॅक ओरिफिस आणि नेटबस आले तेव्हा असे प्रोग्राम आपल्या मशीनवर एक पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, उघडून बाहेरच्याची वाट बघायचे. आताचे बहुतेक उलटे वागतात. आतूनच बाहेर फोन लावतात, त्यामुळे राउटरला ते साधं ब्राउझिंग वाटतं. म्हणून शोधायचं ते बाहेर जाणाऱ्या जोडण्यांमध्ये. सगळे ब्राउझर बंद करून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवलं, त्यात मशीनच्या सगळ्या जोडण्या दिसतात. परदेशातल्या एका आयपी पत्त्याशी एक जोडणी ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे चालू, होती. शेजारचा पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये शोधला, तर नाव ‘एसव्हीसीहोस्ट’. हे नाव विंडोजचं स्वतःचं आहे आणि ते एका वेळी डझनावारी चालू असतात, म्हणून कुणी बघत नाही. उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ केलं. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम 32 फोल्डरमध्ये राहतो. हा निघाला प्रोग्रामडेटामध्ये, एका प्रिंटर ड्रायव्हरसारख्या नावाच्या फोल्डरात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी तळाशी जाऊन ‘ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स’. स्कॅनमधून वगळायच्या फायली-फोल्डरांची ही यादी. माझ्या मशीनवर तिथे एक ओळ होती: तेच प्रोग्रामडेटातलं फोल्डर. राखणदाराला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं की या खोलीत डोकावायचं नाही. विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणारे बरेच ॲक्टिव्हेटर हेच करतात, आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि आपलं फोल्डर या यादीत टाकून घेतात. दुकानातला ॲक्टिव्हेटर त्याच फोल्डरात पडलेला होता, तारीख लॅपटॉप माझ्या हातात येण्याच्या आदल्या दिवसाची. पॅन नंबर असलेल्या माणसाला पक्कं बिल देऊन हे विकलं जातं, याची मला आजही चीड येते.

वाय-फाय बंद केलं, ती ओळ काढली आणि स्कॅन पुन्हा लावला. काही मिनिटांत लाल पट्टी. मायक्रोसॉफ्टच्या नावात प्रकार आधी येतो, म्हणून ‘बॅकडोअर’ हा पहिलाच शब्द. क्वारंटाइन केलं, रीस्टार्ट केलं, आणि पट्टी परत. फाइल गेली होती, पण तिला पुन्हा आणणारा जागाच होता. इथे सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स कामाला आलं, विंडोजसोबत आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं. फुकट आहे आणि 2006 पासून मायक्रोसॉफ्टचंच आहे. त्यात ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ लावलं की विंडोजच्या सह्या असलेलं सगळं बाजूला होतं आणि उरलेलं मोजकंच दिसतं. शेड्यूल्ड टास्क्सच्या टॅबमध्ये, दर लॉग-इनला पॉवरशेल (विंडोजचंच कमांड चालवायचं साधन) चालवणारं एक टास्क सापडलं. ते काढलं आणि मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन केला. हा विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, त्यामुळे चालू असलेल्या ट्रोजनला लपायला वाव राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं. त्यानंतर नेटस्टॅट स्वच्छ.

पासवर्ड मात्र मोबाइलवरून बदलले, लॅपटॉपवरून नाही, आणि प्रत्येक खात्यातून ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ केलं. ब्राउझरच्या कुकीज (आपलं लॉग-इन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) चोरीला गेल्या असतील तर ओटीपीशिवायही आत शिरता येतं. ज्यांची कागदपत्रं मशीनवर होती त्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं, आणि पैशाचं काही विचित्र दिसलं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा म्हणालो.

इथवरचं मी दिवाळीपूर्वी लिहून ठेवलं होतं, पाच तारे देऊन. आता मत बदललंय. डिफेंडरबद्दल तक्रार नाही. पण ज्या बॅकडोअरला ॲडमिनचे अधिकार मिळाले होते, त्यानं आणखी काय पेरून ठेवलंय हे कुठलाही स्कॅन छातीठोक सांगू शकत नाही. लोकांचा डेटा असलेल्या मशीनवर ‘बहुतेक गेला’ चालत नाही. कोरं विंडोज हाच उपाय. म्हणजे दुकानदाराचा फॉर्मेट बरोबर होता? नाही. तो त्याच पेन ड्राइव्हवरून तोच ॲक्टिव्हेटर परत टाकणार होता.

नवीन लायसन्सचा खर्च डोळ्यांसमोर होता. तो लागलाच नाही! विंडोज 8 पासून ब्रँडेड लॅपटॉपची लायसन्स की बोर्डावरच, बायोसमध्ये, लिहिलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून, कोरं विंडोज पेन ड्राइव्हवर चढवणारं मीडिया क्रिएशन टूल घेतलं (8 जीबीचा पुरतो), तेही दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर. जुने पार्टिशन सगळे उडवले. इन्स्टॉलरनं की विचारलीच नाही, होम एडिशन स्वतःच निवडली आणि नेट जोडताच ॲक्टिव्हेट झालं. दुकानदारानं याच अस्सल लायसन्सवर चोरीचं ‘प्रो’ चढवलं होतं, आणि त्याचेही बिलात पैसे लावले होते.

त्यानंतर आजवर डिफेंडरनं एकदाही पैसे मागितलेले नाहीत की कामात अडथळा आणलेला नाही. टॅम्पर प्रोटेक्शन (दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडरची सेटिंग्ज बदलू न देणारं) चालू ठेवलंय, फाइलींची एक्स्टेंशन्स दिसतील असं केलंय, म्हणजे पीडीएफच्या नावाखाली आलेली ईएक्सई लगेच ओळखू येते. रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं वेगळं खातं आहे. एक्सक्लूजन्सची यादी दर महिन्याच्या जीएसटीच्या तारखेला उघडून बघतो, ती रिकामी आहे.

आमच्या गल्लीतल्या जोशी काकूंचा लॅपटॉपही त्याच दुकानातला. परवा त्यांची यादी उघडली, तर त्यात तीच ओळ. माझा कोऱ्या विंडोजचा पेन ड्राइव्ह सध्या त्यांच्याकडे आहे.