आठ महिने, २१२ तास आणि तीन प्रश्नचिन्हं

दिवाळीच्या सेलमध्ये ६१९ रुपयांना घेतलेला हा बस चालवायचा गेम. बसची मॉडेलं, नकाशा, ग्राफिक्स यावर पुष्कळांनी लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. माझा अनुभव गेम चालण्यापेक्षा न चालण्याचा जास्त आहे. कारण इतकं क्षुल्लक निघालं की अजून डोकं फिरतं.

आधी मी कोण ते सांगतो. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या फलाटावर लावल्या आणि सोडल्या, स्वतः एकदाही स्टिअरिंग धरलं नाही. निवृत्तीनंतर सुनेनं हा गेम दाखवला आणि मी अडकलो. एप्रिलपर्यंत २१२ तास झाले, म्हणजे तासाला तीन रुपयेसुद्धा पडले नाहीत. तक्रार करायला तोंडच नव्हतं. युरोपातले रस्ते, शिस्तीचे प्रवासी, सुट्ट्या पैशांवरून भांडण नाही. फक्त दार उघडायचं बटण आणि हॉर्न इतके जवळ आहेत की प्रत्येक थांब्यावर मी आधी हॉर्न वाजवतो.

एप्रिलमध्ये लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. दुकानात ३,४०० रुपये देऊन एसएसडी बसवून घेतली, विंडोज नव्यानं टाकलं. लॅपटॉप विजेसारखा सुरू व्हायला लागला, म्हणून खूश होतो. घरी येऊन गेम उतरवला, ‘प्ले’ दाबलं. बटणावर ‘स्टॉप’ आलं, काळी चौकट क्षणभर दिसली, नाहीशी झाली, बटणावर पुन्हा ‘प्ले’. ना एरर, ना आवाज. गाडी स्टार्टर मारल्यावर एकदा खोकते आणि गप्प बसते, तसं.

पुढचे तीन आठवडे मी काय काय केलं ते सांगतो, कारण तुमचा गेम उघडत नसेल तर याच वाटेनं जावं लागेल. बहुतेकांचं काम यातल्या पहिल्या दोन-तीन गोष्टींतच होतं.

लॅपटॉप ‘रिस्टार्ट’ केला. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं वेगळं, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पुरतं होत नाही. डिस्कवर जागा भरपूर होती. मग स्टीमच्या (गेम विकत घ्यायचं, उतरवायचं आणि चालवायचं ॲप) लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथलं ‘व्हेरिफाय’चं बटण. यात उतरवताना बिघडलेल्या किंवा गळलेल्या फाइल्स तेवढ्या पुन्हा येतात, सगळा गेम परत उतरवावा लागत नाही. मोबाइलच्या डेटावर जगणाऱ्यांनी अनइन्स्टॉल करायच्या आधी हे करावं. मी आधी अनइन्स्टॉल केलं आणि दोन दिवसांचा डेटा घालवला. व्हेरिफायमध्ये सगळ्या फाइल्स ठीक निघाल्या.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्सखाली पाहिलं. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं लिहिलं होतं. नव्यानं टाकलेल्या विंडोजवर हे दिसलं तर समजायचं की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून ग्राफिक्सचा भाग नीट चालवून घेणारा प्रोग्राम, अजून बसलेलाच नाही. चोर सापडला म्हणून मी चहा टाकला. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेतला, बसवला. स्क्रीन एकदम स्वच्छ झाली. गेम तसाच मेलेला.

अँटिव्हायरसनं काही अडवलंय का ते विंडोज सिक्युरिटीच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त पाहिलं. काही नाही. व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज (पुष्कळ गेमना चालायला लागणाऱ्या तयार फाइल्सचा गठ्ठा) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून टाकलं, ६४ बिटचं आणि ३२ बिटचं, दोन्ही. तुम्हाला ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ असा निरोप येत असेल तर बहुधा हेच हवं असतं. ती एकच फाइल कुठल्याही भलत्या साइटवरून उतरवू नका. माझ्याकडे निरोपच येत नव्हता, तरी टाकलं. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ही करून झालं.

दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो. तपासणीचे ३०० रुपये घेऊन पोरगं म्हणालं, “काका, गेम जड आहे, मशीन जुनं आहे, नवीन घ्या.” अरे, याच मशीनवर दोनशे तास खेळलोय! म्हणे, अपडेटनं जड झाला असेल. तीनशे रुपयांत आणखी शंभर तास खेळून झाले असते.

गेमवाल्यांच्या सपोर्टला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर: ड्रायव्हर अपडेट करा. आमच्या डेपोतही गाडी बंद पडली की पहिला संशय ड्रायव्हरवरच यायचा, तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. पैसे परत मागायचीही सोय नव्हती. स्टीमचा नियम घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळून २ तासांच्या आतला. मी दोन्ही सिग्नल कधीच ओलांडले होते.

इथवरचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन. बरं झालं टाकलं नाही.

एका रविवारी सुनेच्या लॅपटॉपवर माझ्या खात्यानं गेम उतरवला. पहिल्या फटक्यात चालू. म्हणजे गेम ठीक, खातं ठीक, खोट माझ्याच लॅपटॉपमध्ये. मग गेमच्या फोल्डरमध्ये शोधलं (स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, मॅनेज, ब्राउझ लोकल फाइल्स). तिथे ‘लॉग’ नावाची साधी मजकुराची फाइल होती, नोटपॅडमध्ये उघडते. हे आधी सुचायला हवं होतं. आयुष्यभर लॉगशीट वाचून सह्या केल्या, आणि इथे तीन आठवडे लॉग न बघता फिरलो! शेवटच्या ओळीत इंग्रजीत होतं की डिरेक्टरी तयार करता येत नाही, आणि पुढे पत्ता: सी ड्राइव्ह, युजर्स, ???, डॉक्युमेंट्स.

तीन प्रश्नचिन्हं.

विंडोज टाकताना दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, “नाव काय टाकू?” मी कौतुकानं म्हणालो, मराठीत टाक, ‘आबा’. घरात सगळे तेच म्हणतात. विंडोजनं त्याच नावाचं फोल्डर केलं. विंडोजला त्यात काही वावगं नाही, ते अशी नावं नीट जपतं. पण या गेमची फाइल उघडायची पद्धत जुन्या वळणाची. न समजणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो. आ, ब आणि काना, संगणकाच्या हिशेबी तीन चिन्हं, म्हणून तीन प्रश्नचिन्हं. आणि विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. गेम नसलेल्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत होता.

याचा मला ड्रायव्हर, डिस्क, दुकानदार या सगळ्यांपेक्षा जास्त राग आहे. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी यादी. तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. २०१९ मध्ये बनवलेल्या गेमला बसच्या काचेवर ओघळणारा थेंब न् थेंब दाखवता येतो आणि ‘आबा’ वाचता येत नाही. निदान विकायच्या पानावर एक ओळ तरी लिहा, की नाव इंग्रजी अक्षरांत असू द्या. ८ जीबी रॅम लागते हे लिहिता, मग हे का नाही?

आता उपाय. पहिल्यांदा मी सेटिंग्जमध्ये नाव बदलून इंग्रजी केलं. फसलो. त्यानं लॉग-इनच्या पडद्यावरचं नाव बदलतं, आतलं फोल्डर तसंच राहतं. मग भाच्यानं फोनवरून दुसरी युक्ती सांगितली: कंट्रोल पॅनेल, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, ‘चेंज सिस्टम लोकेल’, आणि तिथे यूटीएफ-८ च्या (युनिकोडची अक्षरं साठवायची पद्धत) चौकटीत टिक. समोर ‘बीटा’ लिहिलंय, म्हणजे अजून कच्चं. रिस्टार्ट केलं आणि गेम उघडला! मी ओरडलोच. पण संध्याकाळी सोसायटीच्या पावत्या काढायला बसलो, तर जुन्या मराठी फॉन्टवर चालणाऱ्या त्या प्रोग्राममध्ये सभासदांच्या नावांच्या जागी चौकोनच चौकोन. खजिनदार मीच आहे. टिक काढली.

शेवटी टिकलं ते असं: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ‘ॲड अकाउंट’. ते ईमेल मागतं, तिथे ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ दाबायचं आणि पुढे ‘ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’. नाव इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द. मी ‘डेपो’ ठेवलं. त्या नव्या खात्यात शिरलो, स्टीममध्ये लॉग-इन केलं, प्ले दाबलं, आणि इंजिनाचा आवाज आला. जुन्या डिस्कबरोबर माझी सगळी प्रगती गेली असं धरून चाललो होतो. पण ती स्टीमच्या क्लाउडवर शाबूत होती. गॅरेजमधल्या अकरा बस जागच्या जागी उभ्या. प्रत्येक गेमला ही सोय नसते, आपल्या गेमला आहे का ते आधी बघून ठेवा.

तर एका ताऱ्याचे आता साडेतीन करतोय. चार दिले असते, पण अर्धा त्या तीन प्रश्नचिन्हांचा कापला. दार आणि हॉर्नची बटणं सेटिंगमधून लांब करता येतात हेही परवा कळलं. हॉर्नची सवय मात्र गेलेली नाही.

लॅपटॉप उघडला की आता दोन नावं दिसतात. पावत्या ‘आबा’मध्ये, गाड्या ‘डेपो’मध्ये. सपोर्टला लॉगमधली ओळ आणि कारण सविस्तर लिहून पाठवलं होतं, त्याचं उत्तर काल आलं. तक्रार निकाली काढली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या, आणि पुन्हा अडचण आली तर ड्रायव्हर अपडेट करा.