मूटपेक्षा मसुदालेखन सरस: ग्वाल्हेरच्या एका विधी महाविद्यालयाविषयी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मुलाने किंवा मुलीने वकिलीचे शिक्षण घ्यायचे ठरवले, की इमारत, निकाल आणि शुल्क यांची चौकशी होते. प्रात्यक्षिके कोण घेते आणि कशी घेते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. लष्कर भागातून ये-जा करून ज्या महाविद्यालयात मी तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला, त्याचे परीक्षण मी याच एका अंगाने करणार आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे महाविद्यालयाचे नाव घेत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत: मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वाद निवारण, आणि मूट कोर्ट (काल्पनिक खटल्यावर न्यायालयासारखाच युक्तिवाद करण्याचा सराव) व इंटर्नशिप. शेवटच्या विषयात मूटला ३०, एक दिवाणी व एक फौजदारी खटला पाहून लिहिलेल्या नोंदींना ३०, पक्षकाराच्या मुलाखती व दाव्याची पूर्वतयारी यांच्या डायरीला ३० आणि तोंडी परीक्षेला १० गुण असतात. कागदावर ही रचना उत्तम आहे. प्रत्यक्षात कोणत्या भागाकडे किती लक्ष दिले जाते, यावर सारे अवलंबून राहते.

माहितीपत्रकात सर्वांत मोठे छायाचित्र मूट कोर्टच्या दालनाचे आहे, आणि दालन खरोखरच देखणे आहे. परंतु तेथे होणारे मूट बहुतांशी ठरावीक घटनात्मक प्रश्नांवर होतात, लेखी निवेदने सीनियर विद्यार्थ्यांकडून वारशाने मिळतात, आणि बाहेरच्या स्पर्धांसाठी दरवर्षी इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या त्याच चारपाच जणांची निवड होते. घटनेच्या अनुच्छेद ३४८(२) खाली मध्य प्रदेश उच्च न्यायालयात हिंदीच्या वापराला १९७१ मध्येच मान्यता मिळालेली आहे आणि जिल्हा न्यायालयाचे कामकाज तर हिंदीतच चालते. तरीही आमच्या मूटमध्ये हिंदीतून युक्तिवाद करणे कमीपणाचे मानले जात असे. ज्या विद्यार्थ्यांना उद्या याच शहरात उभे राहायचे आहे, त्यांच्यावर हा अन्यायच आहे.

मसुदालेखनाचा वर्ग मात्र केवळ त्याच्यासाठी प्रवेश घ्यावा असा आहे. तो शिकवणारे सर जिल्हा न्यायालयात प्रत्यक्ष वकिली करतात आणि सकाळी न्यायालयात जाण्यापूर्वी वर्ग घेतात. ते नमुना कधीच देत नाहीत; न वटलेल्या धनादेशाची प्रत, बँकेचा मेमो आणि मुद्दाम अर्धवट सांगितलेली हकिगत एवढेच हाती देतात. उरलेली माहिती पक्षकाराला, म्हणजे त्यांनाच, प्रश्न विचारून काढावी लागते. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोहोचल्यापासून पैसे भरण्यास १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार, हा चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चा हिशेब परीक्षेपुरता सगळेच पाठ करतात. पण ‘नोटीस समोरच्याने स्वीकारलीच नाही’ असे सरांनी शांतपणे सांगितले, की तारखा नव्याने मांडताना अर्धा वर्ग गडबडतो. दाव्याच्या अर्जातील सत्यापन ते विशेष बारकाईने तपासतात: कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कोणते इतरांकडून मिळालेल्या व खरे मानलेल्या माहितीवरून लिहिले आहेत, हे वेगळे दाखवले नसेल, तर बाकीचा मसुदा न वाचताच कागद परत येतो. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर त्यांनी पोटगीचा अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली असा दोन्ही प्रकारे लिहून घेतला. त्या वेळी वाचनालयातील बहुतेक फौजदारी पुस्तके मात्र जुन्याच कायद्यांची होती.

न्यायालयीन निरीक्षणाची व्यवस्था ढिसाळ आहे. संपूर्ण वर्ग एकदम पाठवला जातो, मागच्या बाकांवर जागा मिळत नाही, आणि साक्षीदार आला नाही म्हणून पुढची तारीख पडली, की त्या दिवसाच्या डायरीत लिहायला काही उरत नाही. अहवाल मात्र संपूर्ण खटल्याचा मागितला जातो. मग डायऱ्या एकमेकींची बहीण वाटाव्यात अशा होतात आणि तपासणारेही त्याबद्दल काही विचारत नाहीत. ज्यांनी न्यायकक्ष सोडून एखाद्या वकिलाच्या मुन्शीबरोबर, म्हणजे कारकुनाबरोबर, दाखल विभागात वेळ घालवला, ते वकालतनामा, न्यायशुल्क, कागदपत्रांची यादी आणि निघालेल्या त्रुटी यांविषयी बरेच काही शिकले.

विधी साहाय्य कक्षाबद्दल माझे मत संमिश्र आहे. ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाचे शिबिर फलक आणि छायाचित्रे यांतच आटोपते. दर आठवड्याच्या टेबलावर मात्र घरगुती वाद, अडकलेली मजुरी, भाड्याची भांडणे घेऊन खरी माणसे येतात. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, हे त्यांतील अनेकांना तेथेच प्रथम कळते. विद्यार्थी न्यायालयात त्यांची बाजू मांडू शकत नाही. तो अर्ज लिहून देतो आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतो. त्या अर्जांचे पुढे काय झाले याची नोंद कोठेही ठेवली जात नाही, हा या कक्षाचा सर्वांत मोठा दोष आहे.

वर्ग दुपारपर्यंत संपतात, कॅन्टीनमधील चहा बरा आहे आणि ७० टक्के हजेरीचा नियम कडक पाळला जातो, एवढे सांगितले की दैनंदिन जीवनाविषयी फारसे उरत नाही. १२ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी महाविद्यालय कोणतीही यादी देत नाही. घरात वकील असलेल्यांना एखाद्या वकिलाचे चेंबर सहज मिळते, आमच्यासारख्यांनी ओळखी शोधत फिरायचे. कॉर्पोरेट नोकरीचे ध्येय असणाऱ्यांनी येथे येऊ नये. ग्वाल्हेरमध्येच वकिली करायची असल्यास यावे, आणि प्रवेशाआधी मसुदालेखन अजून तेच सर शिकवतात का, हे कार्यालयात विचारून घ्यावे.