जुन्या पाटांचा घरगुती भाता : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी स्वयंपाक गॅसवर होत असला, तरी न्हाणीतले भाण, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायचे भांडे, अजून लाकडांवरच तापते, आणि घरच्या भाताचे उकडे तांदूळ करायचे असले की मागच्या अंगणात तीन दगडांची मोठी चूल मांडावी लागते. दोन्हीकडे जाळ फुलवण्याचे काम वर्षानुवर्षे सासूबाईंच्या फुंकणीने केले. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांचा दमा वाढला. दमट सोडणे, म्हणजे नारळाच्या सालींचे तुकडे, धुमसत असताना डोळे मिटून, मध्येच खोकत त्या फुंकणी फुंकत बसलेल्या मला बघवेनात, तेव्हा भाता करण्याचे मी मनावर घेतले. दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये तो तयार झाला. आता ऑगस्ट संपत आला आहे, म्हणजे त्याने एक उन्हाळा आणि जवळजवळ पुरा पावसाळा पाहिला आहे. भाता कसा बांधावा याची माहिती थोड्या शोधाने मिळते, पण बांधल्यावर सहाव्या-सातव्या महिन्यात त्याचे काय होते हे क्वचितच वाचायला मिळते. म्हणून या लेखात मी भर त्यावरच ठेवला आहे.

सामान जवळजवळ सगळे घरातलेच होते. दोन फळ्यांसाठी माळ्यावरचे फणसाच्या लाकडाचे दोन जुने पाट घेतले आणि ते विड्याच्या पानाच्या आकारात कापले. लांबी 42 सेंटिमीटर आणि सर्वांत रुंद ठिकाणी रुंदी 26 सेंटिमीटर. जुन्या शोकेसच्या फळ्याही हाताशी होत्या, पण भुशाच्या दाबलेल्या त्या फळ्या आमच्या हवेत फुगतात हे ठाऊक असल्याने त्यांना हात लावला नाही. टोकाशी मोडक्या खिडकीच्या चौकटीचा सागवानी ठोकळा बसवला, त्याला आरपार भोक पाडून त्यात जुन्या छताच्या पंख्याचा लोखंडी रॉड घातला. या रॉडचे आतले तोंड 18 मिलिमीटरचे आहे आणि तो ठोकळ्याच्या पुढे 45 सेंटिमीटर येतो. रॉडवरचा रंग आधी पूर्ण खरवडून काढला, कारण तो विस्तवाजवळ जळून धूर करतो. याच कारणाने जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी या कामाला कोणी वापरू नये, आणि प्लास्टिकची तर मुळीच नाही. वरची फळी ठोकळ्याला दोन लहान बिजागऱ्यांनी जोडली व त्या जोडावरून चामड्याची पट्टी चिकटवली. विकत आणले ते फक्त स्क्रू, बारीक खिळे आणि चपला चिकटवायला वापरतात ते पिवळे सोल्यूशन. सगळे मिळून दीडशे रुपयांच्या आत झाले.

बाजूच्या घड्या कशा घालाव्यात हे मात्र मला कोणत्याही चित्रातून नीट उमगले नाही. ते समजले आमच्या घरातल्या भजनाच्या पेटीवरून. पेटीच्या भात्यात सरळ कडांना पुठ्ठा आणि कापड असते, पण जिथे घडी वळते त्या कोपऱ्यांवर मऊ चामडे लावलेले असते, कारण सगळा ताण तिथेच येतो. पेटीचा भाता उघडून त्या कोपऱ्यावर बोट फिरवले, की भात्याचे आयुष्य कुठे संपणार हे कळते. मी जुन्या सोफ्याचे रेक्झिन वापरले, घड्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या फायलींच्या पट्ट्या घातल्या आणि कोपऱ्यांना मुलाच्या जुन्या बुटांच्या वरच्या भागाचे चामडे लावले. पट्ट्या नसत्या तर भाता उघडताना रेक्झिन आत ओढले गेले असते आणि हवा निम्मीच भरली असती.

भाता चालतो तो एका झडपेवर. खालच्या फळीला भोक, आणि त्यावर आतल्या बाजूने एका कडेला चिकटवलेली झडप. वरची फळी उचलली की आतली हवा विरळ होते, बाहेरची हवा झडप ढकलून आत शिरते. फळी दाबली की झडप मिटते आणि हवेला नळीखेरीज वाट उरत नाही. वाचताना हे इतके सोपे वाटते की मी त्या भोकाकडे लक्षच दिले नाही आणि ते 2 सेंटिमीटर व्यासाचे पाडले. पहिले दोन आठवडे भाता चालला, पण उघडताना जड जाई आणि दाबल्यावर कधी कधी नळीतून राख उडे. मग एका सकाळी नळीचे तोंड निखाऱ्यांना टेकलेले असताना मी भाता झपकन उघडला आणि आतून करपल्याचा वास आला. झडप उचलून पाहिले, तर आत हरभऱ्याएवढा निखारा पडलेला आणि रेक्झिनला आतून काळा डाग पडलेला. दोन्ही भोकांचे क्षेत्रफळ काढल्यावर चूक कळली. झडपेचे भोक सुमारे 3 चौरस सेंटिमीटर आणि नळीचे तोंड अडीच. दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच, तेव्हा हवा दोन्हीकडून आत येणार, आणि नळीतून येणारी हवा सोबत विस्तव घेऊन येणार. तेच भोक 4 सेंटिमीटर व्यासाचे केल्यावर त्याचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर, म्हणजे नळीच्या पाचपट झाले आणि त्यानंतर एकदाही निखारा आत आलेला नाही. तरीही नळीचे तोंड विस्तवापासून चार बोटे दूर ठेवायची सवय मी लावून घेतली आहे. भाता करू इच्छिणाऱ्याने या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी : आत येणारी वाट बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा कितीतरी मोठी हवी.

झडपेसाठी आधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला होता. ट्यूब कापली तरी तिचा गोलावा जात नाही, त्यामुळे झडपेची एक कड कायम उचललेली राहायची आणि दर दाबाला तिथून फुसफुस आवाज येऊन हवा वाया जायची. गावातल्या एका वयस्कर लोहारकाकांनी भाता हातात घेऊन नळीवर अंगठा ठेवला, फळी दाबली, आणि ती हळूहळू खाली बसताना पाहून दोष तिथल्या तिथे दाखवला. नळी बंद असताना फळी खाली जाऊ नये, ही त्यांची परीक्षा मी आता दर महिन्याला करते. त्यांच्या सांगण्यावरून जुन्या हॅंडबॅगेचे सपाट चामडे घेतले, खरखरीत बाजू खाली ठेवली, वरून पातळ फळकुट चिकटवून थोडे वजन दिले, आणि झडप पूर्ण उलटी पडू नये म्हणून वर एक आडवी पट्टी मारली. ही झडप आजही तीच आहे.

पावसाळ्यापर्यंत माझे या भात्याविषयीचे मत अतिशय चांगले होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रेक्झिनने धीर सोडला. आधी घड्यांवर बारीक रेषा उमटल्या, मग भाता उघडला की तपकिरी पापुद्रे जमिनीवर गळू लागले आणि शेवटी आतले जाळीदार कापड उघडे पडले, ज्यातून हवा सरळ बाहेर जाते. असल्या रेक्झिनवरचा थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिला की तो हवेतल्या पाण्यानेच विघटित होतो. सोफ्यावर असताना त्याची ही वाटचाल सुरू झालेली असणार, भात्याच्या घड्यांनी ती पुरी केली. ठोकळ्याच्या एका सांध्याला घरात उरलेला पांढरा लाकडी गोंद लावला होता, तोही याच सुमारास मऊ पडून सुटला. पिवळ्या सोल्यूशनने जोडलेला एकही सांधा मात्र सुटला नाही. आमच्या भागासारखा पाऊस जिथे पडतो तिथे या दोन गोष्टी आधीच टाळाव्यात.

दुसऱ्या वेळी पंक्चरच्या दुकानातून ट्रकची टाकाऊ ट्यूब आणली. सायकलची ट्यूब झडपेला नापास झाली होती, पण बाजूंना ट्रकची ट्यूब उत्तम ठरली. ती ओलाव्याला दाद देत नाही, हवा धरून ठेवते आणि जाड असल्याने आत ओढली जात नाही, त्यामुळे पट्ट्यांचीही गरज उरली नाही. तिचे दोष दोन. भाता पूर्वी 20 सेंटिमीटर उघडत असे तो आता 16 सेंटिमीटरच उघडतो, आणि त्याचे वजन इतके वाढले की तो हातात धरून वापरणे सासूबाईंना जमेना. तेव्हा कापताना काढून ठेवलेल्या पाटाच्या खालच्या दोन पट्ट्या मी खालच्या फळीला परत ठोकल्या. आता भाता जमिनीवर पाटासारखाच बसतो, झडपेचे भोक जमिनीपासून वर राहते, आणि सासूबाई बाजूला चौरंगावर बसून एका हाताने वरची फळी उचलतात व दाबतात. सपाट बसल्याने झडपही नीट मिटते, कारण ती स्वतःच्या वजनाने मिटणारी आहे. भाता कुशीवर धरला की ती अर्धवट उघडी राहते.

हवा किती मिळते ते मी मोजून पाहिले. 15 लिटर पाणी मावणारी प्लास्टिकची पिशवी पहिल्या भात्याने तीन दाबांत भरत असे; ट्यूबच्या भात्याला चार लागतात. म्हणजे दर दाबाला चार लिटरच्या आसपास हवा. माणसाचा साधा श्वास सुमारे अर्ध्या लिटरचा असतो, आणि फुंकणीतून जाते ती उच्छ्वासाची हवा, जिच्यात प्राणवायू 21 टक्क्यांऐवजी 16-17 टक्केच उरलेला असतो आणि वर दमटपणा असतो. धुमसणारे लाकूड फुंकणीपेक्षा भात्याला इतक्या लवकर का पेटते याचे उत्तर मला या आकड्यांत मिळाले. धूरही त्यामुळे कमी होतो, कारण धूर म्हणजे बऱ्याच अंशी न जळलेले सरपण. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तोंड चुलीपासून हातभर लांब राहते. सासूबाईंचा दमा भात्याने बरा झाला असे मी म्हणणार नाही, त्यांची औषधे चालू आहेत; पण पाणी तापवून आल्यावर पदराने डोळे पुसत ओसरीवर दहा मिनिटे दम खात बसणे या पावसाळ्यात मी पाहिले नाही.

वापरण्याचे तंत्र हाताला बसायला आठ-दहा दिवस लागले. जोरात दाबले की राख उडते आणि जाळ विझतोसुद्धा. हवा ज्वाळेवर न मारता खालच्या निखाऱ्यांच्या बुडाशी, हळू आणि लांब दाबाने सोडावी, आणि एकदा जाळ धरला की भाता बाजूला ठेवावा. विजेवर चालणारे छोटे ब्लोअर मी शेजारी पाहिले आहे. ते काम झटपट करते, पण सारखी हवा मारत राहिल्याने लाकूड भराभर जळते, आणि वादळी पावसात वीज गेली की ते निरुपयोगी. एप्रिलमध्ये वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी पिकाचे, भात उकडले तेव्हा मोठ्या चुलीलाही हाच भाता पुरला, फक्त सुरुवातीला दोघींनी आळीपाळीने मारावा लागला.

लोहारकामाला मात्र हा भाता पुरेसा समजू नये. कोयत्याची मूठ सुटली होती म्हणून मी एकदा मातीच्या कुंडीच्या तळाला भोक पाडून त्यात करवंट्यांचा कोळसा पेटवला आणि कोयत्याचा मुठीत जाणारा भाग त्यात धरला. पंचवीसेक मिनिटे न थांबता भाता मारल्यावर तो मंद लाल झाला आणि नव्या लाकडी मुठीत चरचरत, धूर काढत आत सरकला. मूठ आजपर्यंत हललेली नाही. पण लोखंड ठोकून आकार द्यायला ते नारिंगी-पिवळे व्हावे लागते, आणि तिथपर्यंत मला पोहोचता आले नाही. एकेरी भात्यात प्रत्येक वेळी उघडताना हवा थांबते आणि तेवढ्यात धग उतरते. म्हणूनच लोहार दोन भाते जोडीने, एक उघडताना दुसरा दाबत, चालवत असत.

निगा फारशी नाही. झडपेच्या चामड्यावर जुलैत पांढरी बुरशी आली होती, ती कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल तेलाचा हात दिला. सोल्यूशन लावताना मात्र खोलीत हवा खेळती हवी आणि जवळपास विस्तव नको, कारण ते भडकते. मे महिन्यात एकदा भाता अचानक दगडासारखा घट्ट झाला, फळी दाबेना. नळीत तार घातली तेव्हा आतून सुक्या मातीचे गोळे निघाले आणि त्यात निपचित हिरवट अळ्या होत्या. आठवडाभर भाता वापरला नव्हता, तेवढ्यात कुंभारीण माशीने नळीत घर केले होते. तेव्हापासून काम झाले की नळी थंड होऊ देऊन तिच्या तोंडाला सोडणाचे घट्ट बूच मारते, आणि ते नजरेआड होऊ नये म्हणून त्याला लाल दोरा बांधून ठेवला आहे. पुढच्या नोव्हेंबरात दुसरा भाता बांधून दोन्हींच्या नळ्या एका ठोकळ्यात आणायच्या आहेत. पंख्याचा आणखी एक रॉड मिळाला आहे, पाट मात्र शोधावे लागतील.