पॅडेड चाबूक: घोड्याच्या बाजूने केलेले परीक्षण

रेसिंगसाठी मान्यता मिळालेला पॅडेड चाबूक आता घोडेस्वारीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत सहज मिळतो, आणि तो विकताना एकच गोष्ट ठासून सांगितली जाते: याने घोड्याला इजा होत नाही. पुण्यात घोडेस्वारी शिकत असताना असा एक चाबूक माझ्याकडे आला. वस्तू म्हणून तो उत्तम बनवलेला आहे, त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः त्या दाव्याचे आहे.

ब्रिटनमध्ये सपाट मैदानावरच्या शर्यतींसाठी चाबकाची कमाल लांबी ७० सेंटीमीटर ठरवलेली आहे आणि माझ्याकडचा चाबूकही साधारण त्याच मापाचा आहे. आत लवचीक काडी, मुठीला तळहात घामाने भिजला तरी न सटकणारे रबर आणि टोकाकडच्या भागावर दोन्ही बाजूंनी फोमची गादी, अशी त्याची रचना आहे. जुन्या चाबकाच्या टोकाला कातड्याची चपटी जीभ असे. तिने वळ उठत आणि कधी कधी कातडी फाटत असे. ती जीभ इथे नाही. वजन नगण्य, तोल अचूक, एका हातातून दुसऱ्या हातात घेणे सोपे. गादी सपाट पडली की आवाज मात्र मोठा होतो, आणि घोडा त्या आवाजाला प्रतिसाद देतो, म्हणून मार लागण्याची गरज उरत नाही, असे विक्रेते सांगतात.

हे तपासायला मी तो स्वतःच्या मांडीवर मारून पाहिला. गादी पूर्ण सपाट पडेल अशा बेताने मारला तेव्हा आवाज खूप झाला, थोडे झोंबले, पण वळ उठला नाही. मनगट किंचित वळवून मारला तेव्हा गादी जिथे संपते त्याच्या मागचा काडीचा भाग लागला. वेदना तीक्ष्ण होती आणि लाल पट्टा संध्याकाळपर्यंत दिसत होता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मी हे एका जागी उभी राहून, सावकाश आणि नेम धरून करत होते, तर जॉकी ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने पळणाऱ्या घोड्यावर, रिकिबीत उभा राहून, दुसऱ्या हाताने लगाम सांभाळत आणि शेजारच्या घोड्याला धक्का लागू नये याकडे लक्ष ठेवत तोच हात फिरवत असतो.

प्रत्यक्ष शर्यतीत ही गादी कुठे पडते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातून मिळाले आहे. तिथे २००९ पासून पॅडेड चाबूक सक्तीचा आहे. सिडनी विद्यापीठाचे पॉल मॅकग्रिव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ शर्यतींच्या अखेरच्या टप्प्याचे चित्रीकरण संथ गतीने पाहून ३५० फटके तपासले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६४ टक्के फटक्यांत गादी नसलेला भागही घोड्याला लागला होता आणि ८३ टक्के फटक्यांत कातडीवर खळगा पडल्याचे डोळ्यांनी दिसत होते. पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, पडायला हवे होते असे बरेच फटके पोटाच्या बाजूला पडले होते. वस्तूच्या परीक्षणात याहून गंभीर दोष कोणता असू शकतो, हे मला सांगता येत नाही: जो भाग संरक्षणासाठी बसवला आहे, तो भाग एकटाच घोड्याला लागेल याची खात्री सराईत व्यावसायिक स्वारालाही देता येत नाही.

यावर नेहमी एक युक्तिवाद केला जातो की घोड्याचे कातडे जाड असते, त्याला आपल्यासारखे लागत नाही. घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या शेजारी उभे राहून घोड्याला खरारा होताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे पटणे कठीण आहे. एक माशी बसली तरी नेमकी तेवढीच जागा थरथरते. २०२० मध्ये सिडनीच्याच संशोधकांनी घोड्याच्या आणि माणसाच्या पुठ्ठ्याच्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराच्या जाडीत आणि त्यातल्या वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांच्या दाटीत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. घोड्याचा खालचा थर जाड असतो हे खरे, पण वेदना टिपणारी टोके त्याच्या वर असतात, त्यामुळे त्या जाडीचा घोड्याला उपयोग होत नाही.

मग या किमतीत निदान काम तरी होते का? शर्यतीत चाबकाची दोन कामे सांगितली जातात: वेग वाढवणे आणि घोडा सरळ ठेवणे. डेव्हिड इव्हान्स आणि मॅकग्रिव्ही यांनी २०११ मध्ये पाच शर्यतींतील ४८ घोड्यांचा वेग टप्प्याटप्प्याने मोजला, तेव्हा घोडे सर्वांत वेगाने पळाले ते चाबूक उगारला जाण्यापूर्वीच्या टप्प्यात. अखेरच्या ४०० मीटरमध्ये चाबूक चालू असताना वेग उतरत गेला. याचे कारण सरळ आहे. त्या टप्प्यावर स्नायू थकलेले असतात, आणि थकलेल्या स्नायूला मारून शक्ती येत नाही. दिशेचे म्हणाल तर ब्रिटनमध्ये शिकाऊ जॉकींसाठी काही शर्यती अशा ठेवतात की चाबूक हातात असतो, पण वापरायचा नसतो. केवळ हात आणि टाचांनी घोडा चालवायचा. अशा शर्यती आणि नेहमीच्या शर्यती मिळून १२६ शर्यतींची तुलना झाली, तेव्हा घोडे भरकटण्यात, अपघातांत किंवा लागलेल्या वेळेत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. अडथळ्यांच्या शर्यतींबाबत तर ब्रिटनमधल्याच २००४ च्या एका अभ्यासात असे दिसले, की चाबूक खात पुढे सरकणाऱ्या घोड्यांना पडण्याचा धोका सातपटीहून अधिक होता. पडण्याचा परिणाम काय असू शकतो हे घोडेवाल्यांना वेगळे सांगायला नको. पाचशे किलोंच्या आसपासच्या या जनावराच्या पायाचे हाड पार मोडले, की बहुतेक वेळा त्याला वेदनामुक्त करण्यासाठी मारावे लागते.

आपल्याकडे चाबकाबाबतचा नियम कागदावर पुष्कळ देशांपेक्षा कडक आहे, हे अनेक रेसप्रेमींना ठाऊक नसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये आलेल्या, खेळात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीच्या नियमांत शर्यतीच्या घोड्यासाठी हवेची गादी असलेला, धक्का शोषणारा चाबूकच चालतो, आणि तो एका शर्यतीत तीनपेक्षा जास्त वेळा वापरता येत नाही. ब्रिटनमध्ये २०२३ पासून हीच मर्यादा सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात आहे. मात्र तिथे मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके जास्त झाले तर घोडाच बाद ठरतो, आणि मालकाच्या बक्षिसावर गदा येते म्हटल्यावर ट्रेनर जॉकीला आधीच बजावून ठेवतो. माझ्या मते फोमच्या जाडीपेक्षा या एका तरतुदीने घोड्याचे अधिक रक्षण होते. पैज लावणाऱ्याला जॉकीचे प्रयत्न दिसले पाहिजेत म्हणून चाबूक हवा, असेही म्हणतात. नॉर्वेने घोडा पळवण्यासाठी चाबूक वापरण्यावर १९८२ मध्येच बंदी घातली, आणि तिथे शर्यतीही होतात आणि पैजाही लागतात.

तेव्हा विकत घ्यावा का? तरुण, बिचकणाऱ्या घोड्यावर सराव करणाऱ्या स्वाराने जरूर घ्यावा. खांद्याला नुसता टेकवून घोडा वळवण्यासाठी आणि अचानक बाजूला झुकणाऱ्या घोड्याला सावरण्यासाठी तो जुन्या चाबकापेक्षा निर्विवाद चांगला आहे. घेताना गादीची लांबी पाहावी आणि टोकाकडची शिवण उसवलेली नाही ना हे पाहावे. फोम दबून कडक झाला की चाबूक बदलावा, कारण दबलेली गादी असून नसल्यासारखी असते. अखेरच्या दोन फर्लांगांत, म्हणजे सुमारे ४०० मीटरमध्ये, घोड्याला मारण्यासाठी तो घेणार असाल, तर मी त्याला एकही तारा देणार नाही.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर १८८३ पासून आणि पुण्यातही पिढ्यान् पिढ्या शर्यती होत आल्या आहेत, आणि या घोड्यांवर जीव लावणारी माणसे या दोन्ही शहरांत कमी नाहीत. शिकाऊ जॉकींच्या शर्यती केवळ हात-टाचांवर ठेवणे आणि प्रत्येक शर्यतीनंतर कोणत्या घोड्याला किती फटके बसले याची नोंद निकालाच्या शेजारी छापणे, या दोन गोष्टी येत्या हंगामापासून सुरू करता येतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शर्यतींचे चित्रीकरण स्टुअर्ड्सपुढे, म्हणजे शर्यतीच्या पंचांपुढे, असते, आणि तीनपर्यंत मोजायला फार वेळ लागत नाही.