वर काळा पोयटा, खाली खडी: 'वेब सॉइल सर्व्हे' कितपत भरवशाचा?

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या एनआरसीएस (नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवा) या विभागाची 'वेब सॉइल सर्व्हे' ही सेवा २००५ पासून इंटरनेटवर आहे. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. नकाशावर जमिनीचा तुकडा आखला की तिथली माती कोणती, किती खोल, पाणी किती धरते, बांधकामाला कशी, सगळं समोर येतं. सगळीकडे एकसारखी माती असलेल्या शेतात या सेवेचा कस लागत नाही. तो लागतो 'वॉर्सा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मातीसारख्या मातीवर. उत्तर इलिनॉय आणि दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये ही माती भरपूर आहे. शिकागोच्या बाहेरच्या अंगाला, केन आणि मॅकहेन्री काउंटीत घर-परसू घेणाऱ्या मराठी मंडळींच्या वाट्यालाही ती येऊ शकते.

आधी मातीची ओळख, कारण रिपोर्ट वाचताना आपलीच सवय आडवी येते. काळी माती म्हटलं की आपल्याला पाणी धरून बसणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी कापसाची जमीन आठवते. वॉर्साचा काळेपणा फुगणाऱ्या चिकणमातीचा नाही, उंच प्रेअरी गवताच्या मुळांनी शतकानुशतकं साठवलेल्या सेंद्रिय द्रव्याचा आहे. वरचा २५ ते ४० सेंमीचा काळा थर मुठीत दाबला तर गोळा होतो आणि अंगठा लावताच रव्यासारखा फुटतो. त्याखाली तपकिरी, जरा जास्त चिकण थर. त्याच्याही खाली हिमनदी वितळताना पाण्याने आणून टाकलेली, थराथरांची, चुनखडीयुक्त वाळू आणि खडी. ही खडी ६० ते १०० सेंमीच्या दरम्यान लागते. निचरा उत्तम, त्यामुळे पावसानंतर वाफसा लवकर येतो आणि वसंतात शेजारच्या सखल, ओल्या जमिनीच्या आधी इथे यंत्र घालता येतं.

वापरायची रीत अशी. 'एरिया ऑफ इंटरेस्ट'मध्ये पत्ता टाकून जागा गाठा आणि बहुकोनाच्या साधनाने हद्द आखा. मग 'सॉइल मॅप' उघडा. इलिनॉयमध्ये २९० हा आकडा वॉर्साचा. पुढचं अक्षर उताराचं, ए म्हणजे ० ते २ टक्के, बी त्याहून जास्त. आजूबाजूला ३२७ (फॉक्स), ३१८ (लोरेन्झो), ३४३ (केन) दिसले तर लक्ष द्या. फॉक्स म्हणजे अशाच खडीवरची, पण जंगलाखाली तयार झालेली, वरचा काळा थर पातळ असलेली माती. लोरेन्झोमध्ये खडी बरीच वर येते. केनमध्ये भूजल वर असतं, म्हणजे निचऱ्याची गोष्टच बदलते. नावावर क्लिक केल्यावर जे वर्णन उघडतं ते नीट वाचा, रंगीत नकाशे नंतर बघा. बहुतेक जण उलट करतात.

इथपर्यंत सेवा उत्तम. अडचण पुढे आहे. वर्णनातल्या थरांच्या तक्त्यात खडीची एकच प्रातिनिधिक खोली छापलेली असते, आणि याच मातीत सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे. पोयटा दर सेंमीला साधारण १.९ मिमी पाणी पिकासाठी धरतो, खडी जवळजवळ काहीच नाही. खडी १०० सेंमीवर असेल तर साठा सुमारे १९० मिमी, ६० सेंमीवर असेल तर ११५ मिमी. निम्मा साठा संपला की पिकाला ताण बसू लागतो असं धरा. जुलैत मका दिवसाला ६ ते ७ मिमी पाणी पितो. म्हणजे एका शेतात दोन आठवडे पावसाविना निभावतं आणि दुसऱ्यात नवव्या दिवशी पानं गुंडाळायला लागतात. नकाशावर दोन्हींचं नाव वॉर्साच. म्हणून मातीच्या मालिकेचं (वॉर्सा, फॉक्स अशा एका नावाखाली येणाऱ्या मातीचं) अधिकृत वर्णन वेगळं शोधून उघडायला हवं. खोलीची खालची-वरची मर्यादा तिथे दिलेली असते.

'अव्हेलेबल वॉटर सप्लाय'चा, म्हणजे पिकाला मिळू शकणाऱ्या पाणीसाठ्याचा, ० ते १५० सेंमी खोलीसाठीचा आकडा तर आणखी जपून घ्या. त्यात खडीतलं थोडंसं पाणी मोजलेलं असतं आणि नकाशाच्या त्या तुकड्यात मिसळलेल्या इतर मातींचीही सरासरी आलेली असते. शिवाय एककांचा गोंधळ: वर्णनात इंच, साठ्यात सेंटिमीटर, पाणी झिरपण्याचा वेग एकीकडे तासाला इंच तर दुसरीकडे सेकंदाला मायक्रोमीटर. इतक्या वर्षांच्या सेवेत हे अजून जुळवलेलं नाही, हे पटत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आकड्यात पकडली जात नाही. बारीक माती थेट जाड खडीवर बसली की पाणी त्या सीमेवर थबकतं. बारीक छिद्रं पाणी ओढून धरतात, खालची मोठी छिद्रं ते ओढू शकत नाहीत. वरचा थर जवळपास भरला की मगच पाणी खाली सुटतं, आणि सुटलं की झपाट्याने जातं, सोबत नायट्रेट घेऊन. म्हणून इथे नत्राची पूर्ण मात्रा पेरणीआधी टाकणं म्हणजे पैसे खडीत ओतणं. मात्रा विभागून द्यावी, मोठा हिस्सा मका गुडघाभर झाल्यावर. जवळ उथळ विहीर असेल तर तिचं पाणी तपासून घ्यावं. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेट-नायट्रोजनची अमेरिकेतली मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे.

बांधकामाच्या रेटिंगमध्ये लोक सर्वांत जास्त फसतात. एवढा चांगला निचरा असलेल्या जमिनीला सेप्टिकसाठी (घरचं मैलापाणी जमिनीत मुरवण्यासाठी) 'व्हेरी लिमिटेड', म्हणजे फारशी योग्य नाही, असा शेरा दिसला की नकाशा चुकला असं वाटतं. तो चुकलेला नसतो. खडी पाणी इतक्या वेगाने सोडते की मैला गाळला जायला वेळच मिळत नाही आणि दूषित पाणी थेट भूजलात उतरतं. उथळ खोदकामाचा शेराही असाच खरा असतो, खडीच्या थरात चराच्या भिंती ढासळतात. पाइप टाकायला चर खणताना आधार दिल्याशिवाय कुणी आत उतरू नये. शेऱ्याच्या शेजारी कारण छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय ठेकेदाराशी वाद घालू नका.

नकाशाचं प्रमाण हा दुसरा मुद्दा. इलिनॉयमधलं बरंच सर्वेक्षण १:१२,००० वर आहे, म्हणजे कागदावरची एक मिमी जाडीची रेघ जमिनीवर १२ मीटर. जास्त झूम केलं की त्या प्रमाणावर नकाशा ग्राह्य नसेल अशी सूचना पडद्यावर येते, ती खरी माना. परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यासाठी हा नकाशा नाही. नव्या वसाहतीत तर मुळीच नाही: बिल्डर वरची काळी माती खरवडून काढतो आणि नंतर पातळसा थर पसरतो, पण सर्वेक्षण त्याआधीचं असेल तर नकाशात वॉर्साच दिसत राहते. (आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे राज्यांचे मृदा नकाशे १:२,५०,००० चे आहेत. त्या मानाने इथे चैनच आहे.)

म्हणून रिपोर्ट हातात घेऊन हाताचा ऑगर (मातीत भोक पाडून नमुना काढायचं गिरमीट) चालवावाच लागतो. सव्वा मीटर दांड्याचा पुरतो. काळा पोयटा सहज निघतो, मग तपकिरी माती पात्याला चिकटू लागते. खडीच्या अगदी वर बहुधा एक लालसर, चिकट, खडेमिश्रित थर लागतो. त्याच्या जिभा खाली खडीत घुसलेल्या असतात, त्यामुळे दोन पावलांवर खोली वीस-तीस सेंमीने बदलू शकते. शेवटी पातं करकरतं आणि अडतं. एखादा सुटा गोटाही तसंच अडवतो, म्हणून हातभर बाजूला सरकून पुन्हा बघा. वर आलेल्या वाळूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फेस आला तर चुनखडीयुक्त थर गाठला. एकरी एक भोक पाडण्यापेक्षा उताराच्या माथ्यावर, मध्यावर आणि पायथ्याशी मिळून पाच-सहा पाडली तर जास्त कळतं.

शेतात उभं राहून मोबाइलवर बघायचं असेल तर 'सॉइलवेब' सोयीचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने एनआरसीएससोबत केलेलं आहे, माहिती तीच, आणि थरांचं चित्र लगेच दिसतं. मूळ सेवा मात्र मोठ्या पडद्यावरच वापरा. काम झाल्यावर 'शॉपिंग कार्ट'मधून पीडीएफ उतरवून घ्या. नाव कार्टचं असलं तरी एक सेंटही लागत नाही. माहिती दरवर्षी साधारण ऑक्टोबरमध्ये ताजी होते, तेव्हा सेप्टिकच्या परवान्यासाठी किंवा जमीन खरेदीसाठी रिपोर्ट जोडताना आतल्या पानावरची आवृत्तीची तारीख तपासा.