साडेचौदा हजारांचं पिल्लू आणि पंधराव्या दिवसाची लस

मी पतसंस्थेत रोखपाल आहे. स्लिपवर तारखेची खाडाखोड दिसली की परत करतो, सही जरा हलली तरी खातेदाराला पुन्हा करायला लावतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही हसणारच. आमच्या पाहुण्यारावळ्यांत हसून झालंय.

दहावीचा निकाल लागला तेव्हा लेकीला लॅब्राडोर घेऊन द्यायचा शब्द दिला होता. बायको म्हणाली, "अहो, शेतातल्या आखाड्यावरच्या कुत्रीला चार पिल्लं झालीत, त्यातलंच एक आणा की." ऐकलं नाही. मोबाइलवर जाहिरात पाहिली, माणूस छत्रपती संभाजीनगरचा. सोळा हजार म्हणाला, १४,५०० वर आला. २,००० आधी फोनपे केले, १२,५०० रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "काका, जिवाचं कुठं बिल असतंय?" मला तेव्हा ते फार मोठं वाक्य वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार. घरी बोलावलं नाही, सिडको बसस्टँडच्या बाहेर आला. पिल्लाची आई बघायची होती, तर ती "फार्मवर" होती. पिल्लू टॉवेलात गुंडाळलेलं, मागचे पाय आणि शेपटी ओली, अंगाला डेटॉलचा वास. "आत्ताच अंघोळ घातली. लांबचा प्रवास आहे, आज खायला काही देऊ नका." थंडीच्या दिवसांत सकाळी नऊ वाजता एवढ्याशा जिवाला अंघोळ कोण घालतं? जुलाब धुतले होते, दुसरं काय. आणि खायला दिलं असतं तर वाटेतच उलटी झाली असती.

पण ते जाऊ द्या. लसीचं पुस्तक माझ्या हातात होतं. जन्मतारीख १८ ऑक्टोबर. लसीची तारीख २ नोव्हेंबर. म्हणजे पंधराव्या दिवशी लस! पहिली लस सहा आठवड्यांच्या पुढं देतात, हे आमच्या गल्लीतल्या पोरालाही माहीत आहे. बाटलीवरचं स्टिकर नाही, डॉक्टरच्या शिक्क्यात नोंदणी क्रमांक नाही, दोन्ही तारखा एकाच पेनानं. दोन्ही तारखा मी वाचल्या. खरंच वाचल्या. क्षणभर मनात आलं, हे काय? तेवढ्यात पिल्लानं लेकीचं बोट चाटलं, ती हसली, आणि मी पुस्तक खिशात घातलं. दिवसभर लोकांच्या तारखा तपासणारा माणूस!

माझंच सगळं चुकलं असं मात्र म्हणू नका. समोर लेकरू उभं असताना कोणता बाप तारखांची वजाबाकी करत बसेल?

मंगळवारी संध्याकाळी उलटी. बुधवारी पहाटे रक्ताचे जुलाब, आणि तो वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला सांगायची गरज नाही. गाडी करून परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. तपासणीच्या किटवर पार्व्हो निघाला, म्हणजे पिल्लांना होणारा रक्ताच्या जुलाबाचा विषाणूचा आजार. तिथल्या डॉक्टरांनी मनापासून केलं, खोटं कशाला बोलू. तेच म्हणाले, आजार दोन दिवसांत उभा राहत नाही, अंगात आधीचाच आहे. तीन दिवस सलाइन, तीन फेऱ्या. शनिवारी पहाटे गेलं. औषधपाणी ६,८४०, गाडीभाडं २,४००. पिल्लासकट २३,७४० रुपये.

फोन केला तर विकणारा म्हणतो, तुमच्याच घरी लागण झाली. मग म्हणतो, पाच हजार भरा, दुसरं देतो. घेऊ नका! पार्व्होचा विषाणू अंगणात कित्येक महिने टिकतो, फिनाइलनं मरत नाही, ब्लीचसारखं काही लागतं. दुसरंही मेलं असतं. नाही म्हटल्यावर मला ब्लॉक केलं.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार आधी शेजारच्याकडं बघून हसला. "कुत्र्याची केस? हे दिवाणी आहे साहेब." व्यवहार संभाजीनगरात झाला, तिकडं जा. तिकडं गेलो तर, तुम्ही राहता तिथं द्या. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो हे मी बोलून दाखवलं, तर "तुम्ही वकील आहात का?" साधा अर्ज घेतला, पोच द्यायला साहेब जागेवर नव्हते. एका सरकारी कार्यालयात विचारलं, हा माणूस नोंदणीकृत ब्रीडर आहे का? "माहितीच्या अधिकारात अर्ज टाका." अहो, कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे, माझं त्रेचाळीस दिवसांचं होतं, त्यानं स्वतःच पुस्तकात लिहून दिलंय! ते पुस्तक मी टेबलावर ठेवलं. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

शेवटी ओळखीच्या वकिलांनी रस्ता दाखवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा. पावतीवर मुदत नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून नोंद केली, क्रमांक मिळाला. फोनपेची नोंद, चॅटचे स्क्रीनशॉट, किटचा रिपोर्ट जोडला. शवविच्छेदन करून घ्यायचं राहिलं. लेक रडत होती, मी लिंबाखाली पुरून मोकळा झालो. तुम्ही तसं करू नका, आधी रिपोर्ट घ्या.

आणि पैसे देण्याआधी माणसाचं आधार बघा, घर बघा. वकिलांनी स्पीड पोस्टानं पाठवलेली नोटीस परत आलीय, "पत्ता अपूर्ण" असा शेरा मारून. दुसरा पत्ता शोधतोय.

काल मेव्हण्याच्या फोनवर त्याच नंबरचं स्टेटस पाहिलं. तोच टॉवेल, पिल्लं नवीन, खाली लिहिलंय: लस पूर्ण.